दुसऱ्या शनिवारी पडलेला दरोडा

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी दिव्यांची अवस होती आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार होता. पुण्याच्या मार्केट यार्डात फळं-भाजीपाल्याचा विभाग शनिवारी बंद असतो आणि रविवारी आठवड्यातली सर्वांत मोठी आवक होते. श्रावणाचा पहिलाच दिवस रविवारी आला म्हटल्यावर उपासाच्या मालाला मागणी असणार हे अडत्यांना वेगळं सांगावं लागत नाही. अशा सुट्टीच्या दुपारी, तीनच्या सुमाराला, गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा सुरू झाला आणि रात्री दहाच्या आसपासपर्यंत चालला. बँकेच्या एकाही शाखेचं कुलूप तुटलं नाही. पैसे निघत होते ते २८ देशांतल्या एटीएममधून.

सुरुवातीला हा परदेशी भामट्यांचा उद्योग वाटला. सात महिन्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं आपल्या अहवालात त्यामागे एका देशाच्या सरकारचा हात असल्याचं नमूद केलं. मग प्रश्न उभा राहिला, आणि तो अजून मिटलेला नाही. एका देशाच्या सरकारनं संगणकाच्या मार्गानं दुसऱ्या देशातल्या बँकेवर, बंदरावर, वीजवाहिन्यांवर हात टाकला, तर ते युद्ध मानायचं का? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २०१७ ते २०२५ या काळात हा प्रश्न चार वेळा आपल्या दारात आला. माझ्या मते चारही वेळा त्याचं उत्तर वेगळं आहे, आणि ती चार उत्तरं एकाच शब्दात कोंबण्याचा प्रयत्न झाला की घोटाळा होतो.

पुण्यातल्या दरोड्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याचा तपशील सर्वांत स्पष्टपणे समोर आलेला आहे.

कॉसमॉस बँक १९०६ची. देशातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांत तिची गणना होते. पुण्याचा व्यापार अशा बँकांच्या आधारानं वाढला. नाना पेठ, भवानी पेठेतला भुसार बाजार गुलटेकडीला हलला आणि मार्केट यार्ड उभं राहिलं, तेव्हा गाळ्यांबरोबर कर्जखातीही वाढली. ज्या छोट्या व्यापाऱ्याला मोठ्या बँका दारात उभं करत नव्हत्या, त्याला पेठेतली सहकारी बँक ओळखत होती. पण २०१८ साली या विश्वासाला आधीच तडा गेलेला होता. १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध घातले होते आणि हजारो पुणेकरांच्या ठेवी पाच वर्षं अडकून पडल्या होत्या. ठेवींवरचं विमासंरक्षण तेव्हा फक्त एक लाख रुपयांचं होतं. सहकारी बँकेबद्दल वाईट बातमी आली की पुण्यात पोटात गोळा का येतो, हे समजायला एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

दरोड्याचं मूळ मात्र पुण्यापासून फार दूर होतं. उत्तर कोरियानं २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत अणुचाचण्या आणि क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचा सपाटा लावला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं निर्बंध आवळत नेले. ऑगस्ट २०१७मध्ये कोळसा, लोखंड आणि समुद्री अन्नाच्या निर्यातीवर, पुढच्याच महिन्यात कापडाच्या निर्यातीवर बंदी आली. परकीय चलन मिळवण्याचे उघड मार्ग बंद झाले, आणि त्या देशाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातले संगणकतज्ज्ञ बँका लुटण्याच्या कामी आधीपासून लागलेलेच होते. फेब्रुवारी २०१६मध्ये त्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून ९५ कोटी डॉलर पळवण्याचा बेत आखला आणि त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर पळवलेही. जगभरचे अभ्यासक या टोळीला ‘लाझारस’ म्हणतात. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या त्याच समितीनं २०१९ साली अंदाज दिला की अशा चोऱ्यांतून उत्तर कोरियानं शस्त्रकार्यक्रमासाठी दोनशे कोटी डॉलरपर्यंत रक्कम जमवली असावी.

यात भारताशी वैर कुठेच नव्हतं. प्याँगयांगमध्ये वकिलात असलेल्या मोजक्या देशांपैकी भारत एक. दरोड्याच्या तीनच महिने आधी, मे २०१८मध्ये, परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह उत्तर कोरियाला जाऊन आले होते. जवळजवळ वीस वर्षांत भारतीय मंत्र्याची ती पहिलीच भेट. म्हणजे एकीकडे मंत्र्यांचं आगतस्वागत चालू होतं, आणि त्याच सुमाराला पुण्यातल्या एका बँकेच्या यंत्रणेभोवती जाळं विणलं जात होतं.

चोरी कशी झाली हे नीट समजून घ्यायला हवं. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून आपली मागणी आपल्या बँकेच्या ‘एटीएम स्विच’कडे जाते. स्विच ती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे पाठवतो. तिथे शिल्लक तपासली जाते, होकार येतो, आणि नोटा बाहेर पडतात. मार्केट यार्डातल्या जुन्या पेढीवर कुणी चिठ्ठी घेऊन आलं, की गल्ल्यावरचा पोऱ्या आत जाऊन दिवाणजींना विचारून यायचा. दिवाणजी खतावणी पाहून ‘द्या’ म्हणाले की पैसे मिळायचे. स्विच म्हणजे तो पोऱ्या. चोरांनी खतावणीला हातच लावला नाही. त्यांनी घातक प्रणाली घुसवून बँकेच्या स्विचच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला. तो आत न जाताच, कुणालाही न विचारता, येईल त्या मागणीला ‘द्या’ म्हणत राहिला.

म्हणूनच एकाही खातेदाराच्या खात्यातून एक रुपया वजा झाला नाही. गेला तो बँकेचा पैसा.

बाकीची जुळवाजुळव माणसांनी केली. चोरलेल्या तपशिलांवरून बनावट कार्डं तयार झाली, ती देशोदेशीच्या हस्तकांना वाटली गेली आणि ठरल्या वेळी सगळे एटीएमसमोर उभे राहिले. व्हिसा कार्डांवरून परदेशांत सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. रुपे कार्डांवरून भारतातच २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी निघाले. कोल्हापुरातल्या एटीएममधूनही सुमारे ८९ लाख रुपये काढले गेल्याचं तपासात समोर आलं. आपण प्याँगयांगसाठी काम करतो आहोत हे कोल्हापुरात कार्ड घालणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसावं.

अशा हल्ल्याची चाहूल कुणाला लागलीच नव्हती असंही नाही. अमेरिकेच्या एफबीआयनं १० ऑगस्टला, म्हणजे आदल्याच दिवशी, एटीएममधून जगभर एकाच वेळी पैसे काढण्याचा मोठा कट शिजत असल्याचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता. एका अमेरिकन पत्रकारानं १२ तारखेला तो उघड केला, तोवर पुण्याची बँक लुटली गेली होती.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, सकाळी साडेअकराच्या सुमारास दुसरा घाव बसला. आंतरराष्ट्रीय पैसे पाठवण्याच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका व्यापारी कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांवर गेला. मंगळवारी चतुःश्रुंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. बँकेनं आपली एटीएम, नेट बँकिंग आणि मोबाइल बँकिंग बंद केलं. बुधवारी स्वातंत्र्यदिन आणि नागपंचमी. ऐन सणाच्या आठवड्यात खातेदारांना रोकड कुठून काढायची हा प्रश्न पडला. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, गाडीभाडं ही देणी पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाहीत. यार्डाचा गाडा रोजच्या रोज चुकत्या होणाऱ्या हिशेबावर चालतो. बँकेचे अध्यक्ष मिलिंद काळे यांनी खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं जाहीर केलं, आणि ते खरंच होतं. नुकसान बँकेनं सोसलं. रुपी बँकेसारखी पाळी आली नाही, याचं श्रेय मी बँकेच्या ताकदीला देतो. हाच घाव एखाद्या तालुक्याच्या छोट्या बँकेवर बसला असता, तर ती उठून उभी राहिली नसती.

पुणे पोलिसांनी विशेष तपास पथक नेमलं, सीसीटीव्हीचं चित्रण तपासलं, आणि पैसे काढणाऱ्या माणसांचा माग काढला. हाँगकाँगमध्ये अडकवलेल्या रकमेपैकी काही कोटी रुपये परत आले. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं आणि तीन ते चार वर्षांपर्यंतच्या कैदेच्या शिक्षा दिल्या. स्थानिक तपास म्हणून हे काम कौतुकाचं आहे. पण शिक्षा झाली ती कार्डं घेऊन एटीएमसमोर उभ्या राहिलेल्यांना. बनावट स्विच ज्यांनी लिहिला, त्यांच्यापर्यंत कोणत्याही पोलीस ठाण्याचा हात पोहोचत नाही. अमेरिकेनं फेब्रुवारी २०२१मध्ये उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या तिघांवर जगभरच्या अशा लुटीसाठी आरोपपत्र जाहीर केलं, ते तिघंही कधी न्यायालयासमोर आले नाहीत. त्याच आरोपपत्रात पाकिस्तानच्या बँकइस्लामीवरचा ऑक्टोबर २०१८चा असाच दरोडा आहे. पुण्यानंतर दोनच महिन्यांनी, तीच पद्धत, साठ लाखांहून अधिक डॉलर.

ही गोष्ट मला निर्णायक वाटते. ज्याला भारत आणि पाकिस्तान सारखेच, तो इथे शत्रू म्हणून आलेला नव्हता, तिजोरी दिसली म्हणून आला होता. हा सरकारी दरोडा होता. त्याला युद्ध म्हटलं तर शब्दाचं वजनच जातं. पण चतुःश्रुंगीच्या गुन्हा नोंदवहीत मावेल एवढाही तो लहान नव्हता, आणि दिल्लीनं प्याँगयांगला याचा जाब जाहीरपणे विचारलेला कुणी ऐकला नाही.

आता चौदा महिने मागे जाऊ, न्हावा शेवाला.

२७ जून २०१७ रोजी, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, त्या देशातले हजारो संगणक एकाएकी निकामी झाले. युक्रेनमधले व्यापारी करविवरणासाठी वापरत असलेल्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून हा विषाणू सोडला गेला होता. पडद्यावर खंडणीची मागणी दिसे, पण पैसे भरूनही माहिती परत मिळत नसे. तो विध्वंसासाठीच बनवलेला होता. पुढे त्याला ‘नॉटपेट्या’ हे नाव पडलं. रशिया आणि युक्रेन यांच्यात २०१४पासून क्रिमिया आणि डॉनबासमध्ये संघर्ष पेटलेला होता, त्यातलंच हे एक हत्यार. पण सोडलेल्या विषाणूला सीमा कळत नाही. युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि काही तासांत जगभर पसरला.

न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल मर्स्कच्याच समूहाकडून चालवलं जात होतं. तिथली संगणक यंत्रणा बंद पडली. कोणता कंटेनर कुठल्या थप्पीत आहे, कोणत्या जहाजावर चढायचा आहे, हे सांगणारी व्यवस्थाच गेल्यावर क्रेन आणि ट्रेलर उभे राहण्यावाचून काय करणार? काम हातानं, कागदावर सुरू करावं लागलं. माल अडकला. डाळिंब, द्राक्षं, कांदा, मसाले अशी महाराष्ट्राची शेतमाल निर्यात याच बंदरातून जाते. नाशिक, सांगली आणि पुण्याच्या निर्यातदाराचा रशिया-युक्रेनच्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. मर्स्कनं पुढे हजारो सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे केले. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंद वाचली ती घानामधल्या एका कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. कंपनीचं नुकसान तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं, जगाचं मिळून एक हजार कोटी डॉलर असल्याचं अमेरिकेनं सांगितलं. फेब्रुवारी २०१८मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं रशियन लष्कराचं नाव उघडपणे घेतलं.

हे युद्ध होतं का, या प्रश्नाचा खरा कस विमा कंपन्यांनी लावला, आणि तो न्यायालयात लागला. नॉटपेट्यात भरडल्या गेलेल्या मर्क या औषध कंपनीनं सुमारे १४० कोटी डॉलरचा दावा केला. विमा कंपन्यांनी पॉलिसीतलं जुनं कलम पुढे केलं. युद्ध किंवा युद्धसदृश कृतीमुळे झालेलं नुकसान भरून दिलं जाणार नाही, असं ते कलम. हल्ला रशियन लष्करानं केला, म्हणजे युद्ध, म्हणजे भरपाई नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयानं हे फेटाळलं आणि मे २०२३मध्ये वरिष्ठ न्यायालयानं तो निकाल कायम केला. युद्धाचं कलम सैन्याच्या लष्करी कारवाईसाठी आहे, ज्या कंपनीचा त्या संघर्षाशी संबंध नाही तिच्या हिशेबाच्या संगणकांवर आलेल्या विषाणूसाठी नाही, असा त्याचा रोख. ज्यांनी हप्ते भरले त्यांना न्याय मिळाला. पण विमा व्यवसायानं त्यातून धडा घेतला तो स्वतःच्या बचावाचा. लंडनच्या लॉइड्सनं मार्च २०२३च्या अखेरीपासून सायबर विम्याच्या स्वतंत्र पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ल्यांना वगळणारं कलम बंधनकारक केलं. म्हणजे पुढचा असा हल्ला झाला, तर तो कुठल्या सरकारनं केला यावर निर्यातदाराला भरपाई मिळणार की नाही हे ठरेल. युद्ध या शब्दाची व्याख्या आता व्यापाऱ्याच्या पॉलिसीत येऊन बसली आहे. सायबर विमा घेणाऱ्यानं ते कलम वाचल्याशिवाय सही करू नये.

तिसरा प्रसंग १२ ऑक्टोबर २०२०चा, आणि त्याबद्दल अजूनही दोन सरकारं दोन गोष्टी सांगतात.

सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एका फटक्यात गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. टाळेबंदीमुळे तेव्हा लोकलमध्ये अत्यावश्यक सेवेतलेच लोक होते, म्हणजे परिचारिका, सफाई कामगार, पालिकेचे कर्मचारी. तेच रुळांवर उतरून चालू लागले. कोविडचे रुग्ण प्राणवायूवर होते आणि रुग्णालयं जनित्रांवर गेली. मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी शहर मुख्य जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर चालू ठेवण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्था मुंबईसाठी १९८०च्या दशकापासून आहे, मुंबईकरांना तिचा अभिमानही आहे. त्या दिवशी ती कोसळली. दोन-अडीच तासांत गाड्या हलू लागल्या, काही उपनगरांत वीज यायला संध्याकाळ झाली.

राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी कारण सांगितलं. महापारेषणच्या कळवा-पडघा ४०० केव्ही केंद्रात एका सर्किटची दुरुस्ती चालू असल्यानं भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यात बिघाड झाला. दोन दिवसांनी त्यांनीच घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हटलं. चार महिने या बोलण्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग २८ फेब्रुवारी २०२१ उजाडला. रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकन कंपनीचा अहवाल आणि त्यावर आधारित ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची बातमी आली. १५ जून २०२०ला गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले होते. त्या तणावाच्या काळात चीनशी संबंधित गटानं भारताच्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांत, पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांत आणि मुंबईसह दोन बंदरांत शिरकाव केल्याचं अहवालाचं म्हणणं होतं. या गटाला त्यांनी ‘रेडएको’ नाव दिलं. मुंबईच्या अंधाराशी या शिरकावाचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे त्याच अहवालात स्पष्ट लिहिलेलं होतं. मथळ्यांच्या गर्दीत ते वाक्य हरवलं.

दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल जाहीर केला. वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ‘ट्रोजन हॉर्स’ घुसवले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी बेहिशेबी माहिती आली असावी, आणि काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न झाले असावेत, असं त्यात होतं. प्रत्येक वाक्य ‘असावं’वर संपत होतं. त्यानंतरच्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ते उडवून लावलं. मुंबईतली वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्यामुळे नाही. उत्तर आणि दक्षिणेच्या भार प्रेषण केंद्रांवर हल्ले झाले, पण ते मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचले नाहीत. आणि हे चीन किंवा पाकिस्ताननं केलं, असा पुरावा आपल्याकडे नाही.

दोन्ही म्हणणी एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत हे लक्षात घ्यायला हवं. शत्रूचा माणूस घरात शिरलेला असू शकतो आणि त्या रात्री दिवा फ्यूज उडूनही जाऊ शकतो. केंद्र सरकारच्याच यंत्रणांनी नोव्हेंबर २०२० आणि फेब्रुवारी २०२१मध्ये भार प्रेषण केंद्रांना घातक प्रणालींबद्दल सावध केलं होतं, हे ऊर्जा मंत्रालयानं स्वतः मान्य केलं. शिरकाव खरा होता. अंधाराशी त्याचा धागा जुळत नाही. मुंबईत राज्य आणि दिल्लीत केंद्र अशी परस्परविरोधी पक्षांची सरकारं होती, आणि कोट्यवधी लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न दोन दिवसांत राजकीय झाला. राज्यानं ‘असावं’च्या आधारावर घोषणा करायला नको होती, आणि केंद्रानं चोवीस तासांत दार लावून घ्यायला नको होतं. कोविडच्या काळात रुग्णालयांनी भरलेल्या शहराची वीज दुसऱ्या देशानं मुद्दाम तोडल्याचं उद्या सिद्ध झालं, तर मी त्याला युद्धाची कृती म्हणेन, बाँब पडला नसला तरी. पण ‘सिद्ध झालं तर’ ही अट त्या वाक्याचा कणा आहे.

आंतरराष्ट्रीय कायदाही साधारण याच मापानं मोजतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं दुसरं कलम एका देशानं दुसऱ्यावर बळाचा वापर करायला मनाई करतं. ५१वं कलम सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क देतं. सनद १९४५ची, तेव्हा संगणकाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. एस्टोनियावर २००७ साली सायबर हल्ले होऊन सरकारी संकेतस्थळं आणि बँका ठप्प झाल्या, त्यानंतर तिथल्याच टॅलिन शहरातल्या केंद्राच्या पुढाकारानं कायदेपंडितांनी २०१३ आणि २०१७ साली एक ग्रंथ सिद्ध केला. त्याचं सूत्र असं, की हल्ला संगणकातून आला की तोफेतून हे गौण, त्याचा परिणाम किती आणि कसा झाला ते पाहा. माणसं मेली, यंत्रं जळाली, तर तो सशस्त्र हल्ला ठरू शकतो. नाटोनं २०१४ साली मान्य केलं की सायबर हल्ल्यावरही सामूहिक संरक्षणाचं कलम लागू होऊ शकतं. इस्राएलनं ५ मे २०१९ला हमासचे सायबर हल्लेखोर बसले होते ती गाझातली इमारत विमानातून उडवली. तिथे आधीपासून रॉकेटं आणि बाँबची लढाई चालू होती, म्हणून त्याला वेगळं नाव द्यावं लागलं नाही.

चौथा प्रसंग असाच होता. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली, त्यात महाराष्ट्रातलेही लोक होते. ७ मेला ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं. क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत असताना संगणकांवरही मारा चालू होता. १२ मेला महाराष्ट्र सायबरनं सांगितलं की सात गटांनी मिळून देशातल्या महत्त्वाच्या यंत्रणांवर पंधरा लाखांहून अधिक हल्ले केले, त्यातले १५० यशस्वी झाले. कुळगाव-बदलापूर नगर परिषदेच्या संकेतस्थळाचं विद्रूपीकरण हे त्यातलं एक. इथे उत्तर सरळ आहे. बंदुका चालू असताना केलेला सायबर हल्ला त्याच लढाईचा भाग असतो.

मग या सगळ्यातून आपण काय बदललं? काही बदललं, ते सांगितलं पाहिजे. कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८मध्ये, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ला बँकेची डिजिटल व्याप्ती आणि देवघेव यंत्रणांशी असलेली जोडणी पाहून श्रेणीनुसार नियम लावले. फेब्रुवारी २०२०पासून ठेवींवरचं विमासंरक्षण पाच लाखांचं झालं. तरी छोट्या बँका आजही दुसऱ्यांच्या यंत्रणेवर विसंबून आहेत. जुलै २०२४च्या अखेरीला अशा एका तंत्रज्ञान पुरवठादारावर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांना किरकोळ देवघेवीच्या जाळ्यातून तात्पुरतं बाहेर ठेवावं लागलं. त्यात बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. मार्केट यार्डात आता गाळ्यागाळ्यावर क्यूआर कोड लटकलेला आहे, शेतकऱ्याच्या पट्टीचे पैसे खात्यात जातात. सोय मोठी आहे. २०१८ साली एटीएम बंद पडल्यावर निदान रोकडीचा आधार होता, तो दर वर्षी कमी होतो आहे.

बदललं नाही ते नाव घेण्याचं धैर्य. पुण्यातल्या दरोड्यामागच्या देशाचं नाव घेतलं ते संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं. २८ मार्च २०२४ला रशियानं सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून त्या समितीची मुदतवाढ अडवली आणि ३० एप्रिलला ती संपुष्टात आली. म्हणून आता हे काम आपणच करायला हवं. कोणत्या सायबर हल्ल्याला भारत सशस्त्र हल्ला मानेल, कोणत्याला नाही, हे सरकारनं स्पष्ट शब्दांत जगापुढे मांडावं. मोघमपणाचा फायदा हल्लेखोराला होतो. कॉसमॉस प्रकरणात उत्तर कोरियाला अधिकृत जाब विचारावा. आणि १२ ऑक्टोबर २०२०च्या अंधाराबद्दल राज्याचा आणि केंद्राचा तपास, सुरक्षेला बाधा येईल तेवढाच भाग झाकून, लोकांसमोर ठेवावा. त्या दिवशी रुळांवरून चालत रुग्णालयात पोहोचलेल्या परिचारिकेला वीज कुणामुळे गेली हे कळण्याचा हक्क आहे.